एका डोळ्याची जखम, दुसऱ्या डोळ्याचा अंधार

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण मंडळी, रोगांनाही इतिहास असतो. एखादा रोग उमगायला माणसाला किती पिढ्या लागल्या, कोणत्या चुकीच्या वाटा तुडवाव्या लागल्या, ही हकीकतही लढाईइतकीच बोधप्रद असते. आज अशाच एका नेत्ररोगाची हकीकत सांगायची आहे. रोग दुर्मिळ आहे. पण कुरुळीसारख्या गावाला तो ठाऊक असलेला बरा, कारण त्याचा उगम बहुधा डोळ्याच्या जखमेत असतो.

कुरुळी हे खेड तालुक्यातले गाव, पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे. पूर्वी इथल्या माणसाच्या डोळ्याला भय असे ते बाभळीच्या काट्याचे, शेतातल्या धसकटाचे आणि पोरांच्या विटीचे. ते भय गेलेले नाही. त्यात आता छिन्नीखालून उडणाऱ्या कपचीची आणि ग्राइंडरवरच्या लोखंडी कणाची भर पडली आहे.

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ कूव्रे नावाचे खेडे आहे. तिथे घोड्यांचे साज करणारा एक कारागीर होता. १८१२ साली त्याचा तीन वर्षांचा मुलगा बापाच्या दुकानात आरीशी खेळत बसला. आरी निसटली आणि एका डोळ्यात घुसली. तो डोळा गेला. पण नवल असे की, ज्या डोळ्याला आरीचा स्पर्शही झाला नव्हता, तोही हळूहळू विझत गेला. पाच वर्षांचा होईतो पोर पुरते आंधळे झाले. हाच लुई ब्रेल. पुढे १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. १९५१ पासून भारती ब्रेलच्या रूपाने आपली मराठीही याच ठिपक्यांत लिहिली जाते.

दुसरा डोळा का गेला? एकाचे विष दुसऱ्यात उतरले, असा समज पुष्कळ काळ होता. आजचे बरेच नेत्रतज्ज्ञ मानतात की, ब्रेलला झाला तो ‘सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया’. आपण त्याला ‘सोबतीच्या डोळ्याचा दाह’ म्हणू.

ग्लासगोचे नेत्रवैद्य विल्यम मॅकेंझी यांनी १८४० साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा तर्क असा की, दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली एकत्र येतात, तेव्हा दाह एका नसेतून दुसरीत जात असावा. तर्क सुबक होता, पण खरा नव्हता. १९०५ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी अशा डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या रोगाची वेगळी खूण दाखवून दिली. डोळ्याच्या आतल्या रंगद्रव्याच्या पडद्यात पांढऱ्या पेशींची दाटी झालेली असे. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. पण ते लढत कोणाशी होते? जंतू तर तिथे सापडत नव्हते.

त्याच सुमारास, १९०१ साली, जर्मनीत पॉल एर्लिख यांनी म्हटले होते की, शरीर स्वतःवर हत्यार उगारायला भिते. प्रागच्या आंतोन एल्शनिग यांनी १९१० साली नेमके उलटे मत मांडले: या रोगात शरीर स्वतःच्याच डोळ्यातल्या रंगद्रव्याला परके समजून त्यावर तुटून पडते. आपल्या भाषेत, कुंपणच शेत खाते!

पण का? इथे चाकणचा किल्ला आठवा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाईस्ताखानाच्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा शत्रू आत आला. डोळाही असाच बंद किल्ला आहे. शरीराचे पहारेकरी अंगभर फिरतात, पण डोळ्याच्या आत त्यांना सहसा मज्जाव असतो. १९४८ साली इंग्लंडच्या पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत परकी कातडी ठेवून पाहिली. ती तिथे, इतर जागेच्या मानाने, अधिक काळ टिकली. याचा अर्थ, पहारेकऱ्यांनी आतली मंडळी कधी नीट पाहिलेलीच नसतात. जखमेने तट फुटला की आतले द्रव्य बाहेर पडते. पहारेकरी त्याला प्रथमच पाहतात, चोर समजतात आणि मग तसल्याच चोराच्या शोधात धडधाकट डोळ्यातही शिरतात. चाकणला परके आत शिरले होते. इथे घात करतात ते घरचेच.

तरीही डोळा फुटलेल्या सगळ्यांना हा रोग होत नाही. आरपार जखम झालेल्या हजारांपैकी सुमारे दोन ते पाच जणांनाच तो होतो. हे कसे? याचे एक उत्तर आईबापांकडून आलेल्या वारशात आहे. १९५८ साली फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरच्या खुणांचा शोध लावला. १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या खुणांना ‘एचएलए’ म्हणतात. पहारेकऱ्याला समोरचा चेहरा दाखवणारा कंदीलच म्हणा ना! हे कंदील घराण्याघराण्यांत निरनिराळे. ‘डीआर-४’ जातीचा कंदील ज्यांच्याकडे असतो, त्यांच्यात हा रोग अधिक आढळतो. पण लक्षात ठेवा, कंदील वारशाने येतो, रोग नव्हे. ‘नशिबातच होते’ म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही.

पूर्वी यावर एकच तोड होती: दुसऱ्या डोळ्यात दाह शिरण्याआधी, शक्यतो दोन आठवड्यांत, फुटलेला डोळा काढून टाकायचा. १९५० नंतर कॉर्टिसोनच्या जातीची औषधे आली आणि चित्र पालटले. ती पहारेकऱ्यांचा चढलेला पारा उतरवतात. आता डोळा शिवून वाचवण्याकडेच शल्यवैद्यांचा कल असतो. वेळेवर औषध सुरू झाले तर पुष्कळांची दृष्टी टिकते. मात्र उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि मनाने औषध सोडून चालत नाही.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डोळ्यात काही घुसले तर चोळू नका, उपसू नका. मध-तूप घालू नका. वर दाब न देता पेल्याचे आच्छादन ठेवा आणि तडक नेत्ररुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट, जखम भरली म्हणून गाफील राहू नका. हा रोग बहुधा पहिल्या तीन महिन्यांत डोके वर काढतो, क्वचित वर्षांनीही. चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, जवळचे अक्षर पुसट दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि जुनी जखम आवर्जून सांगा.

शिक्षकांनो, ब्रेलची गोष्ट वर्गात सांगाल तेव्हा हीही सांगा. त्या पोराच्या दुसऱ्या डोळ्याला काय झाले, ते समजायला जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्या मुलांना ते आजच समजू द्या. आणि छिन्नी-ग्राइंडर हाती धरण्याआधी डोळ्यांवर चष्मा चढवण्याची सवय घरापासूनच लागू द्या.