दुपारचा वर्ग

मूल शाळेत जाऊ लागले की आईने पुन्हा बाहेरचे काम धरावे की नाही, हा प्रश्न आज घरोघरी निघतो तेव्हा तो जणू कालपरवाच जन्मला असावा अशा रीतीने निघतो. परंतु पुण्याच्या जुन्या पेठांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास जो थोडा सावकाश वाचील, त्याला हा प्रश्न तेथे फार पूर्वीपासून, आणि तोही दिवसाच्या एका विशिष्ट प्रहरी, उभा असलेला दिसेल. तो प्रहर दुपारचा. सकाळची पाणी भरण्याची घाई सरली, सोवळ्यातला स्वयंपाक उरकला, पुरुषमंडळी जेवून कचेरीला व मुले पाटीदप्तर घेऊन शाळेला गेली, बायकांची शेवटची पंगत उठून उष्टी-खरकटी निघाली आणि चुलीतले निखारे राखेखाली झाकले गेले, म्हणजे दिवेलागणीच्या तयारीपर्यंत जे दोन-तीन तास उरत, ते कोणाच्या मालकीचे? रूढीने ते तांदूळ निवडण्याला, वाती वळण्याला आणि सासूबाईंच्या पायांना तेल चोळण्याला वाहिलेले होते. त्यांवर स्वतः त्या बाईचाही काही हक्क पोचतो, असे म्हणणारी माणसे निघाली, तेथून या इतिहासाला आरंभ होतो.

पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा ज्या जागी होती, त्या हुजूरपागेत १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले. अशा शाळेची मागणी गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे मांडणारा इंग्रजी मजकूर भर सभेत रमाबाई रानडे यांनी वाचून दाखविला, आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणेही निमूटपणे सोसले. शाळा निघाल्यावर लवकरच तिच्या अभ्यासक्रमाइतकाच तिच्या वेळेवरही वाद माजला. मुलींना अकरा ते पाच शाळेत डांबून ठेवल्यास त्या घरकाम शिकणार केव्हा, त्यांना तीन तासांची शाळा पुरे, अशी भूमिका टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने घेतली. ही मागणी मुलींच्या विद्येला आखूड करणारी होती आणि लोकमान्यांविषयी नितांत आदर बाळगूनही ती चुकीची होती, असेच मला म्हणावे लागते. मात्र स्त्रीच्या बाबतीत खरा झगडा पुस्तकापेक्षा घड्याळाशी आहे, हे त्या वादाने प्रथम उघड केले. पुढे पंचवीस वर्षांनी त्याच घड्याळाचा विचार करून स्त्रियांना घराबाहेर काढणारी एक संस्था पुण्यात उभी राहिली.

ती संस्था म्हणजे सेवासदन. मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये त्या नावाने कार्य आरंभिले होते. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन न्यायमूर्ती रानड्यांच्या वाड्यातच भरू लागले. अध्यक्षपद रमाबाईंकडे होते, आणि कारभाराचा मोठा भार भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी उचलला. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना त्या वेळी अक्षरओळखही नव्हती. पतीने घरीच शिकविले, आणि त्या शिकण्याची किंमत स्वयंपाकघरात अबोल्याने कशी वसूल केली जाते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग काढताना, जो प्रहर घरच्यांच्या डोळ्यांत सर्वांत कमी खुपेल तोच त्यांनी निवडला, आणि वर्ग दुपारचे ठेवले.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. मला तो फार मोलाचा वाटतो. स्वातंत्र्याची व्याख्याने पुण्याला नवीन नव्हती. पण मुलाला शाळेत पोचवून, पदर सावरीत, पुस्तक पदराआड धरून बोळाबोळाने वाड्यात शिरणाऱ्या आणि शाळा सुटण्याच्या आत घरी परतणाऱ्या बाईला कोणत्याही सिद्धान्ताची बाजू घ्यावी लागत नव्हती. तिला फक्त सासूबाईंची मूक संमती पुरत होती, आणि बोभाटा न होता मिळालेली संमती सहसा मागे घेतली जात नाही. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम, कशिदा असे करता करता त्यांतल्या काही जणी व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपर्यंत पोचत आणि तेथून अध्यापिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जात. काही ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेत. विधवा होऊन पदरी मुले असलेल्या बायकांना तर हा उपजीविकेचाच प्रश्न होता. विधवांसाठी हिंगण्याला आश्रम चालविणाऱ्या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी एका मुलाची आई असताना, विशी उलटून गेल्यावर, विद्येला हात घातला आणि त्या आश्रमासाठी जन्म वेचला, हे उदाहरण तेव्हा पुण्यात सर्वांच्या डोळ्यांपुढे होते.

परतलेल्या आयांमध्ये शिक्षिकेच्या पेशाकडेच इतका ओढा का राहिला, याचे उत्तर पुष्कळ जण स्त्रीच्या ममताळू स्वभावात शोधतात. मला ते हजेरीपटात दिसते. मुलींना पुरुष शिक्षकांपुढे बसवायला पालक नाखूश असत, म्हणून कन्याशाळांना शिक्षिकांची निकड होती. आणि शाळेची वेळ, शाळेची सुट्टी, शाळेचा मे महिना हे सारे मुलाच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळत असल्यामुळे, आई मुलाबरोबर निघे व मुलाबरोबर परते. इतर कचेऱ्यांनी असे घड्याळ ठेवले असते, तर आपल्या आज्या इतर पेशांतही तितक्याच संख्येने दिसल्या असत्या.

ज्या ठिकाणी घड्याळाने आईसाठी तसूभरही सरकायचे नाकारले, त्या ठिकाणी काय घडले हे पाहायचे तर परळ-लालबागेत जावे लागेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. सुताची कांडी भरण्याच्या व लडी घालण्याच्या खात्यांत त्या नायकिणीच्या, म्हणजे बाई-मुकादमाच्या, हुकमतीखाली राबत. मूल शाळेत जाईपर्यंत थांबण्याची चैन त्यांच्या नशिबी नव्हती. बाळंतपण उरकून त्या लगोलग भोंग्याला हजर होत. आणि तान्हे? त्याला सकाळी बाळागोळी चाटवून झोपवीत. मोहरीएवढ्या त्या गोळीत अफू असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात ९८ मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. हा आकडा वाचताना मन आजही चरकते. त्या मातांना दोष देण्याची मला मुळीच इच्छा नाही. मूल रडत राहिले तर शेजारीण त्याला सांभाळीना, आणि खाडा केला तर नायकीण जागा दुसरीला देई. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना, आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब असल्याचे सांगितले. पुढल्या वर्षी तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली, आणि १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. सहा वर्षे ही मर्यादा मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे: तिथवर मूल कारखान्याच्या जबाबदारीत, पुढे शाळेच्या. पण पाळणाघरे होईपर्यंत गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घसरणीला लागलेच होते.

आई कामावर गेली की तिची जागा घेतो कोण, याचे एक उत्तर डहाणूजवळच्या कोसबाडला मिळाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेथे वारली मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा, शाळेत न येणाऱ्या मुलींच्या कडेवर धाकटे भावंड बसलेले असते, हे त्यांना दिसले. आईबाप मजुरीला गेलेले, आणि सात-आठ वर्षांची मुलगी घरची आई झालेली. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व त्या रचनेला विकासवाडी म्हटले. आईच्या परतण्याविषयी बोलताना या थोरल्या बहिणीचे नाव क्वचितच निघते, याचे मला दुःख आहे.

स्वातंत्र्यानंतर दुपारच्या वर्गाला सरकारी मंजुरीही लाभली. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना काढली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईने थोडक्या मुदतीत परीक्षा द्यावी आणि शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका अशा कामांना लागावे, हा तिचा हेतू होता. माझी थोरली मावशी अशाच एका वर्गाला जाऊ लागली, तेव्हा तिचा धाकटा नुकताच पहिलीत गेला होता. लग्नात सुटलेले बीजगणित तिने तेहतिसाव्या वर्षी पुन्हा धरले. भाकरी थापता थापता ती परातीतल्या पिठावर बोटाने समीकरणे मांडी, आणि काकांची चाहूल लागली की तळव्याने ती पुसून त्याच पिठाचा पुढचा उंडा करी. परीक्षा झाली, नेमणूक झाली, पहिला पगार देवापुढे ठेवला गेला. घराच्या किल्लीचा प्रश्न मात्र उरला, कारण मुलाची शाळा तिच्या शाळेआधी अर्धा तास सुटे. शेवटी शेजारच्या काकूंनी आपल्या दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकून घेतला. तो खिळा मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर होता. किल्ली काढून घेताना त्याने आधी काकूंकडे दूध प्यावे आणि मगच कुलूप उघडावे, असा त्यांचा दंडक होता. मावशीने सत्तावीस वर्षे नोकरी केली. पुढे तो वाडा पडला, तेव्हा ती चौकटीपाशी गेली आणि तो गंजका खिळा उपटून घरी घेऊन आली.