माकडांनी दिलेली वर्दी

गोष्ट १९५७ सालची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसंही कडक तापानं, डोकेदुखीनं आणि अंगदुखीनं अंथरुणाला खिळली. काही दगावली.

माकडं आणि माणसं एकाच सुमारास मरताहेत म्हटल्यावर तज्ज्ञांना पहिली शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा आजार भारतात कधीच आलेला नव्हता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, तपास हाती घेतला. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला तो वेगळाच, नवा विषाणू. तो पसरवत होत्या रानातल्या गोचिडी.

लोकांनी याला नाव दिलं ‘माकडताप’. नाव तसं अन्यायाचंच. माकड हा यातला गुन्हेगार नव्हे. आपल्याआधी आजारी पडणारा शेजारी आहे. ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि नवं अंग शोधतात. लाकूडफाटा आणायला गेलेला माणूस मग त्यांच्या तावडीत सापडतो.

इथे पशुवैद्याचं काम सुरू होतं. मेलेल्या माकडाची तपासणी करायची, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, भोवतालच्या जागेवर गोचीडनाशक फवारायला सांगायचं. रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावरही गोचिडी पोसतात, म्हणून गोठ्याकडेही लक्ष द्यायचं. माणसाच्या नाडीला हात न लावता माणसाचा जीव वाचवणारा हा वैद्य!

हा ताप २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना त्याचा धोका मोठा. त्यावर खास औषध नाही. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली लसही पुरेशी परिणामकारक नसल्यानं २०२२ मध्ये थांबवण्यात आली. म्हणजे वेळेवर मिळालेली खबर हाच मोठा आधार.

मेलेल्या वानराला माती देण्याची अनेक गावांत रीत आहे. त्यामागची माया मोलाची. पण आधी पशुवैद्याला कळवावं, हात लावू नये. त्या मुक्या जिवानं जाता जाता दिलेली वर्दी वाया जाऊ नये, इतकंच.