शेवटचा डॉट

नावावरून संगणकाचा आकडी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर लावायला बसलात, की सगळी तयारी झाल्यावर समोर उरते ती एक साधी मजकुराची फाइल. डावीकडे नाव, मधे ‘आयएन’, मग ‘ए’ आणि उजवीकडे आकडी पत्ता. हिला झोन फाइल म्हणतात. तिचे घराणे शोधत मागे गेलो, की आपण कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला पोचतो.

तिथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ ‘जेक’ फाइनलर यांच्या देखरेखीखाली इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची एकच यादी ठेवली जाई, होस्ट्स डॉट टीएक्सटी. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे, त्यांनी यादीत ओळ घालायची आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी यादी फुगली आणि ती उतरवून घेणारेही वाढले. दोघांनी एकच नाव निवडले तर भांडण. इतक्या जणांचा भार त्या लहानशा कचेरीने इतकी वर्षे वाहिला, याची नोंद नेटच्या इतिहासात व्हावी तेवढी होत नाही.

१९८३च्या नोव्हेंबरमध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी (नेटच्या नियमांचे दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ लिहून डीएनएस मांडले. यादी एका हातातून काढून वाटून दिली. प्रत्येक संस्थेने आपापल्या नावांचा हिशेब आपण ठेवायचा. पण तो ठेवायचा कशात, तर पुन्हा मजकुराच्या फाइलीतच. ८८३मध्ये तिला ‘मास्टर फाइल’ म्हटले आहे. १९८७च्या आरएफसी १०३५ने तिचे व्याकरण पक्के केले आणि आज आपण लिहितो ते मुख्यतः तेच.

त्या व्याकरणातला सगळ्यात लहान नियम सगळ्यात महाग पडतो. नावाच्या शेवटी डॉट असेल तर नाव पूर्ण. नसेल तर सर्व्हर त्यापुढे झोनचे, म्हणजे ज्याच्या नोंदी त्या फाइलीत आहेत त्याचे, नाव जोडतो. हाताने टंकणाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून ही सोय. पण ‘मेल.उदाहरण.इन’ लिहून डॉट विसरलात, तर त्याचे ‘मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन’ होते. १२ ऑक्टोबर २००९ला स्वीडनच्या ‘.एसई’ झोनमध्ये नेमके हेच झाले. झोन तयार करणाऱ्या स्क्रिप्टने शेवटचे डॉट घातलेच नाहीत आणि सुमारे नऊ लाख नावांचे पत्ते सापडेनासे झाले. चूक लवकर सुधारली, तरी ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, चुकीची उत्तरे रेंगाळत राहिली.

ही झोन फाइल घरोघरी पोचवली ती बाइंड या डीएनएस सर्व्हर प्रोग्रॅमने. १९८४च्या सुमारास बर्कलीच्या चार विद्यार्थ्यांनी तो लिहिला. बाइंड ४च्या काळात झोन जोडायला ‘नेम्ड.बूट’ या मांडणीच्या फाइलीत एक ओळ पुरे होती: प्रायमरी, झोनचे नाव, फाइलीचे नाव. १९९७च्या बाइंड ८ने ‘नेम्ड.कॉन्फ’ आणले, महिरपी कंसांचे आणि अर्धविरामांचे. इथे नवशिक्याची हमखास गल्लत होते. कॉन्फमध्ये अर्धविराम विधान संपवतो, तर झोन फाइलीत त्याच अर्धविरामापासून शेरा सुरू होतो. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन फाइलींत एकाच चिन्हाचे दोन अर्थ असणे मला पसंत नाही, पण आता ते बदलणार नाही.

झोन फाइलीच्या माथ्यावरच्या ‘एसओए’ नावाच्या नोंदीत असतो अनुक्रमांक. झोनची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर तोच पाहून ठरवतो, की नवी प्रत घ्यायची का. म्हणून दर बदलाला तो वाढावा लागतो आणि त्यासाठी वर्ष, महिना, दिवस आणि पुढे दोन आकडे अशी त्याची रीत पडली. मजकूर बदलला पण क्रमांक तोच राहिला, तर एक सर्व्हर नवे सांगतो, दुसरा जुने, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

मराठी वाचकाने आणखी एक पाहावे. २०१४मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ सुरू झाले आणि मराठीतून पत्ता लिहिता येऊ लागला. मात्र झोन फाइलीत तेच नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत उतरते. आपली अक्षरे त्या फाइलीत अजून सांकेतिक वेष घालूनच राहतात.

आता मोठ्या कंपन्यांत नोंदी डेटाबेसमधून येतात, नोंदी अस्सल असल्याची खूण म्हणून जोडलेल्या डिजिटल सह्यांच्या लांबलचक ओळी यंत्रे लिहितात. तरी लहान कचेरीच्या सर्व्हरवर ही फाइल अजून माणसाच्या हातची आहे. तुमच्याकडे ती असेल, तर बदल सर्व्हरला लागू करण्याआधी क्रमांक वाढवा, फाइल तपासणारे ‘नेम्ड-चेकझोन’ चालवा आणि प्रत्येक पूर्ण नावाचा शेवटचा डॉट डोळ्यांनी पाहून घ्या.