१९३० सालचे दोन सत्याग्रह



मार्च १९३० म्हटलं की शाळेतलं कुठलंही पोर पटकन सांगतं, मिठाचा सत्याग्रह. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले, २४ दिवस चालले आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचललं. हे खरंच आहे आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण त्याच महिन्यात, त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला नाशिकला काय घडलं ते किती पोरांना ठाऊक आहे?

त्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने काळाराम मंदिराकडे निघाले. जवळजवळ मैलभर लांब मिरवणूक होती. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, तेव्हा मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. जवळपास महिनाभर देवच कुलपात राहिला! ९ एप्रिलला रामाची रथयात्रा होती. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. पण आपल्या माणसांचा हात लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि वर दगडांचा मारा झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज आपण ज्या विहारात बसतो, त्याची वाट त्या बंद दारापासून सुरू होते.

आता राष्ट्राची आठवण पाहा. दांडीयात्रेचं शिल्प दिल्लीत उभं आहे. २०१६ साली बंद झालेल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवरही तीच यात्रा होती. २००५ साली ७५ वर्षे झाली तेव्हा तो मार्ग पुन्हा चालून दाखवण्यात आला. त्याच वर्षी नाशिकच्या सत्याग्रहालाही ७५ वर्षे झाली होती. त्याचा तसा गाजावाजा देशाने केला काय?

असं का होतं? आमच्या मते कारण साधं आहे. दांडीला समोर परका होता. तो गेला, आता त्याच्याविरुद्धचा लढा साजरा करायला कुणाला अडचण नाही. नाशिकला दाराच्या आत आपलेच देशबांधव होते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी आपल्या लोकांची डोकी फोडणारेही इंग्रज नव्हते. हे लढे आठवायचे तर दार कुणी लावलं, दगड कुणी मारले हेही सांगावं लागतं. तिथेच राष्ट्राची जीभ अडखळते.

दुसरी गोष्ट नावांची. गांधीजींबरोबर निघालेल्या ७८ जणांची नावे तेव्हाच छापून आली. नाशिकच्या दरवाजांवर बसलेल्या त्या २५ आयाबहिणींची किती नावे आपल्या लेकरांना सांगता येतील? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी गावोगाव, घरोघर जाऊन चळवळीतल्या स्त्रियांना बोलतं केलं, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. सरकारची वाट बघितली असती तर त्या बायका न बोलताच गेल्या असत्या.

१९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. नामांतराचा ठराव १९७८ चा आणि अंमल १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत लाठ्या खाल्लेली, घरं जळालेली माणसं अजून आपल्यात आहेत, पण वयं झाली आहेत. म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे की विहारात एक जाड वही ठेवा. पौर्णिमेला येताना घरच्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आणा. नाव, गाव, कुठला सत्याग्रह, किती दिवस तुरुंग, आणि तेवढे दिवस घरची चूल कुणी पेटती ठेवली, सगळं लिहून घ्या. चूल सांभाळणारीचं नावही त्याच ओळीत आलं पाहिजे.

जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!