कुंडी बदलल्यावर

कुंडी बदलली की दोन दिवसांत रोप मान टाकतं आणि घरात धावपळ सुरू होते. कुणी तांब्या तांब्या पाणी ओततं, कुणी खत घालतं, कुणी ऊन मिळावं म्हणून कुंडी गच्चीवर नेऊन ठेवतं. पुष्कळदा रोप मरतं ते या उपचारांनीच!

खरं दुखणं साधं आहे. पाणी शोषून घेतात ती मुळांवरची केसांसारखी बारीक तुसं. माती हलवताना ती तुटतात. पानांतून मात्र पाणी उडतच असतं. म्हणजे मिळकत बंद आणि खर्च चालू. अशा वेळी आधी खर्च आवरायचा असतो.

ही गोष्ट एका इंग्रज डॉक्टरच्या हाती योगायोगाने लागली. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून गवत आणि नेचा उगवून आला. उडालेली वाफ काचेवर जमून परत मातीत उतरत होती. मग त्यांनी काचेच्या पेट्या करून घेतल्या आणि १८३३ साली दोन पेट्या रोपांसह जहाजाने सिडनीला पाठवल्या. त्याआधी समुद्रप्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याअभावी मरत. ही मात्र जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची हजारो रोपं अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली.

पण पेटी म्हणजे जादू नव्हे. हिवतापावरच्या क्विनीनसाठी क्लेमेंट्स मार्कहॅमने १८६० साली पेरूहून सिंकोनाची रोपं आणली. पेट्या त्याच होत्या, पण तांबड्या समुद्रातल्या उष्म्याने रोपं होरपळली आणि उटीला पोचूनही वाचली नाहीत. पुढच्या वर्षी इक्वेडोरहून आलेली रोपं मात्र निलगिरीत रुजली. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोनाची बाग केली होती, ती टिकली नाही. प्रवासातून वाचणं वेगळं आणि नव्या जागी रुजणं वेगळं.

आमच्या उरणकडच्या बायाबापड्यांना यातलं बरंच न वाचता ठाऊक होतं. भातलावणी म्हणजे दुसरं काय? राबातलं रोप उपटायचं, मुळांची माती धुवायची, मुठी बांधायच्या आणि चिखलात लावायचं. रोप फार वाढलेलं असेल तर शेंडे खुडायचे. आठवडाभर शेत पिवळं दिसतं. त्यावरून कुणी घाबरत नाही की खताची पोती रिकामी करत नाही. आषाढातलं ढगाळ आभाळ हीच त्या रोपांची काचेची पेटी. मग एके दिवशी शेत हिरवंगार दिसतं आणि लोक म्हणतात, रोप लागलं!

तेच घरी करायचं. कुंडी संध्याकाळी बदलावी. मुळांभोवतीचा मातीचा गोळा शक्यतो फोडू नये. एकदाच भरपूर पाणी घालून खालच्या भोकातून निथळू द्यावं. पुढे बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी. दहा-पंधरा दिवस सावलीत, पण उजेडात ठेवावं. खत महिनाभर नको. क्रोटनसारखं रोप फारच मलूल असेल तर काड्या रोवून वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालावी आणि रोज थोडा वेळ काढावी. पिशवीसकट उन्हात ठेवाल तर तांबडा समुद्र झालाच म्हणून समजा! कोरफड, निवडुंगाला पिशवी नको, ती कुजतात. नवं पान दिसलं की समजावं, मुळं कामाला लागली.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी इथली शेतं घेतली गेली आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. ज्या खाचरांत लावणी व्हायची त्यांतल्या कितीतरी जागी आज कंटेनर उभे आहेत. फ्लॅटमध्ये वाढलेल्या नातवंडांनी पिवळं पडून हिरवं होणारं शेत पाहिलेलंच नाही. मग रोपाचं पहिलं पान पिवळं पडलं की ती लगेच कुंडी कचऱ्यात टाकायला निघतात. त्यांना एवढंच सांगा, अजून आठ दिवस थांबा.