जळालेले हस्तलिखित आणि व्याकरणाची साक्ष



ज्या शाळेत आपण संस्कृतची पहिली रूपे पाठ केली, तिच्या व्यासपीठावरून रशियातील एका मध्ययुगीन काव्याविषयी बोलावे, हे काहींना दूरचे वाटेल. परंतु त्या काव्याच्या खरेखोटेपणाचा दीर्घकाळ चाललेला वाद ज्या नियमामुळे निर्णायक वळणावर आला, तो नियम आपण सर्वांनी याच वर्गखोल्यांतून ऐकलेला आहे.

इ. स. ११८५ मध्ये नोव्हगोरोद-सेव्हेर्स्क येथील राजपुत्र ईगोर याने पोलोव्हत्सी या भटक्या टोळ्यांवर स्वारी केली. तीत त्याचा पराभव झाला, तो कैद झाला आणि पुढे निसटून स्वदेशी परतला. या प्रसंगावरील 'ईगोरच्या स्वारीची गाथा' अलेक्सेई मूसिन-पूश्किन या सरदाराच्या संग्रहात अठराव्या शतकाच्या अखेरीस आढळली आणि १८०० साली छापली गेली. पुढे १८१२ मध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी मॉस्को जळाले, त्यात हे एकमेव हस्तलिखितही गेले. उरली ती छापील आवृत्ती आणि सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्यासाठी केलेली नक्कल. कागद, शाई, अक्षरवळण यांपैकी तपासण्याजोगे काहीच हाती राहिले नाही.

साहजिकच संशय उत्पन्न झाला. १३८० च्या कुलिकोव्होच्या लढाईचे वर्णन करणाऱ्या 'झादोन्श्चिना' या कृतीत गाथेशी जुळणारी अनेक स्थळे आहेत. मग कोणी कोणाचे उचलले? फ्रेंच पंडित आंद्रे माझों यांनी १९४० साली असे प्रतिपादन केले की, गाथाच उत्तरकालीन असून ती 'झादोन्श्चिना'वरून रचलेली बनावट कृती आहे. नाझी आक्रमणामुळे प्राग सोडून देशोदेशी फिरत १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या रोमान याकोबसन यांनी सहकाऱ्यांसह १९४८ साली ग्रंथरूपाने याला सविस्तर उत्तर दिले.

वाद तरीही शमला नाही. १९६३ मध्ये सोव्हिएत इतिहासकार अलेक्सांद्र झीमिन यांनी गाथा अठराव्या शतकातील असल्याचे मत मांडले. त्यांच्या ग्रंथाच्या अवघ्या १०१ प्रती काढून १९६४ मध्ये बंद दाराआड चर्चा घडविण्यात आली आणि त्या प्रती परत घेण्यात आल्या. झीमिन १९८० साली निवर्तले. त्यांचा ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध झाला तो २००६ मध्ये. एखादे मत दडपल्याने ते खोटे ठरत नाही. उलट दडपणारा पक्षच दुर्बळ असावा, अशी शंका बळावते. राष्ट्राभिमानाने गाथेचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी अशा रीतीने तिच्या सच्चेपणाविषयीच अविश्वास वाढविला.

हा गुंता सोडविण्यास पुढे आले ते आंद्रेई झालिझ्न्याक (१९३५–२०१७). संस्कृत व्याकरणाची रूपरेषा रशियनमध्ये लिहिणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाने २००४ साली गाथेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

मे, ते, नः, वः ही लघुरूपे, तसेच च आणि वा, वाक्याच्या आरंभी येत नाहीत, हे आपल्या गुरुजींनी किती वेळा बजावले असेल! स्वतःचा आघात नसलेले असे शब्द प्राचीन भाषांमध्ये वाक्यातील पहिल्या शब्दामागे येऊन बसतात, हे संस्कृतज्ञ याकोब वाकरनागेल यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले. प्राचीन रशियनमध्येही असेच शब्द होते आणि त्यांचा परस्परक्रमही ठरलेला होता. आजच्या रशियनमध्ये क्रियापदाच्या शेवटी कायमचा चिकटलेला 'स्या' हा आत्मवाचक शब्द बाराव्या शतकात सुटा होता व बहुधा क्रियापदाच्या आधी येई. पुढील शतकांत ही व्यवस्था ढासळत गेली.

गाथेत हे शब्द बाराव्या शतकाच्या बोलीप्रमाणेच येतात, असे झालिझ्न्याक यांनी स्थळागणिक मोजून दाखविले. त्या बोलीचा मोठा पुरावा म्हणजे नोव्हगोरोदच्या उत्खननात १९५१ पासून सापडत आलेली, भूर्जसालीवर कोरलेली हजाराहून अधिक पत्रे. साध्यासुध्या माणसांचे देणेघेणे व निरोप त्यांत आहेत. अठराव्या शतकातील बनावटकाराला ही पत्रे दिसणे शक्य नव्हते आणि वाकरनागेलचा नियमही ठाऊक नव्हता. शिवाय वाक्यरचनेच्या दृष्टीने गाथा एकजिनसी आहे. याउलट 'झादोन्श्चिना'त गाथेशी जुळणारा भाग एका वळणाचा, तर उरलेला दुसऱ्या वळणाचा आहे. उसनवारी कोणी केली, हे यावरून उमगते.

बनावट सर्वथा अशक्य आहे, असे मात्र झालिझ्न्याक म्हणाले नाहीत. पुढील दोन शतकांचे भाषाशास्त्र एकट्याने आधीच शोधून ते गुप्त ठेवणारा अलौकिक पुरुष मानावा लागेल, एवढेच त्यांनी दाखविले. झीमिन यांचा प्रत्येक आक्षेप त्यांनी आदराने तपासला. २००७ मध्ये एका पुरस्काराच्या प्रसंगी त्यांनी सांगितले की, सत्य अस्तित्वात असते आणि त्याचा शोध हेच शास्त्राचे प्रयोजन होय.

मित्रहो, थोर कृतींवरचे प्रेम आपल्यालाही आहे आणि त्या प्रेमापोटी शंका घेणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा मोह आपल्यालाही होतो. त्या काव्याला जे रक्षण अधिकाराच्या बळावर मिळाले नाही, ते चिकाटीने मोजलेल्या अव्ययांनी दिले. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्यांनी चुकीच्या जागी पडलेल्या 'मे'खाली लाल रेघ ओढताना आपल्याला हीच शिस्त लावली. तिचे मोल यथावकाश कळते.