उंचावलेली जीप आणि स्टिअरिंगची भूमिती

वळताना आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे, ही रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने घोडागाडीसाठी सिद्ध केली आणि लंडनमधील त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. ही भूमिती आडव्या पातळीची होती. उभ्या पातळीचा प्रश्न स्प्रिंगांवर वरखाली होणारी चाके स्टिअरिंगशी दांड्यांनी जोडली गेल्यावर ठळक झाला. १९४१ च्या विलीस जीपचे अखंड पुढचे अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेले होते आणि १९४७ पासून मुंबईत जोडणी होऊ लागलेल्या जीपमध्येही तीच पद्धत होती. १९५३ साली कॅलिफोर्नियातील रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर जीपधारकांची पहिली जत्रा भरली. अशा वाटांसाठी मोठे टायर आणि ते मावावेत म्हणून अधिक उंची हवी होती.

ही उंची दोन गोष्टी बिघडवते. स्टिअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म चौकटीबरोबर वर जातो, तर अ‍ॅक्सल खालीच राहते. त्यामुळे दोहोंना जोडणारी ड्रॅग लिंक तिरकी होते आणि खड्ड्यात अ‍ॅक्सल हलताच, चालकाने चक्र न फिरवताही, चाके वळतात. यालाच बंप स्टिअर म्हणतात. दुसरी गोष्ट कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनच्या अक्षाचा मागे असलेला कल: पुढे शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला जोडणारी हलती कडी) असलेल्या जीपला लांब शॅकल लावले की तो घटतो, वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नाही आणि वेगात गाडी भरकटते. पाट्याखाली पाचर मारून कॅस्टर परत मिळतो खरा, पण त्याच वेळी डिफरन्शियलचा पिनियन खाली झुकून प्रॉपेलर शाफ्टचा सांधा अधिक वाकतो. म्हणून फार उंच गाडीत अ‍ॅक्सलच्या टोकांवरील नकल-आधार कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणे हाच खरा उपाय ठरतो, मग तो कितीही खर्चिक असो.

१९७० ची रेंज रोव्हर आणि १९८४ ची जीप चेरोकी यांनी पुढे कॉइल स्प्रिंग वापरल्या, तेव्हा अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देण्यासाठी पॅनहार्ड दांडा आवश्यक झाला. ड्रॅग लिंक आणि हा दांडा एकमेकांना समांतर असले, तरच दोन्ही जवळपास सारख्या कमानीत फिरतात आणि बंप स्टिअर टळतो. म्हणून ज्या उंचीवाढ-संचात केवळ खाली वाकवलेला पिटमन आर्म दिलेला असतो आणि पॅनहार्ड दांड्याचा चौकटीवरील आधार तितकाच खाली आणण्याची सोय नसते, तो संच अपुराच मानला पाहिजे.